अंगठ्याच्या मुळाशी

आमच्या निपाणी भागात हात दुखणं हा आजार मानत नाहीत. ताप आला, पोट बिघडलं, पाठ धरली तर माणूस आजारी. हात दुखतोय म्हणजे काल काम जरा जास्त झालं, बस. संकेश्वर-हुक्केरीकडे ऊस तोडणारे, खानापूरचे कुंभार, शहापूर-वडगावचे विणकर, बेळगावात उद्यमबागेतले फाउंड्रीवाले आणि घराघरांत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायका, या सगळ्यांचं पोट हातावर आहे. तरीही हात दवाखान्यात दाखवायचा असतो असं त्यांच्यापैकी फार थोड्यांना वाटतं. दुखला तर तेल, तेलानं भागलं नाही तर शेक, शेकानं भागलं नाही तर मेडिकलमधून दोन गोळ्या. मला यावर लिहायचंय, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या नात्यागोत्यात आणि शेतावर हाताला तीन सुजा आल्या. तिन्हींना लोकांनी एकच उपाय सांगितला आणि तिन्हींना लागलेले उपाय एकमेकांपासून अगदी वेगळे होते.

आधी सूज येते कशाला, ते सांगते. हाडावरून स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, किंवा कातडी सरकते, तिथं घासू नये म्हणून शरीरानं पातळ पिशव्या ठेवलेल्या असतात. आतून तेलाचा हात फिरवलेली प्लॅस्टिकची पिशवी दोन बोटांत धरून चोळली की तिचे दोन पदर एकमेकांवर अलगद सरकतात, तसंच त्यांचं काम. डॉक्टर या पिशवीला बर्सा म्हणतात. अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आपल्या अंगात असतात आणि निरोगी असताना त्यांचा पत्ताही लागत नाही, कारण आत चिकट पाण्याचा जेमतेम एक थर असतो. सतत दाब पडला, एकच हालचाल हजारदा झाली, मार लागला किंवा जंतू शिरले की पिशवीचं अस्तर चिडतं, जास्त पाणी सोडतं आणि पिशवी फुगते. हाच बर्सायटिस. मला यातली सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट अशी की जिथं जन्मतः पिशवी नसते, तिथंही हाडावर वर्षानुवर्षं घासत राहिलं तर शरीर नवी पिशवी तयार करतं. म्हणजे माणूस काय काम करतो याची नोंद अंगावर होत जाते.

हे जुन्या लोकांनी ओळखलं होतं. इंग्लंडात फरशा पुसणाऱ्या मोलकरणींच्या गुडघ्याला, खाणकामगारांच्या कोपराला आणि दिवसभर फळीवर बसणाऱ्या विणकरांच्या बैठकीच्या हाडाला येणाऱ्या सुजांना त्या त्या धंद्याचीच नावं पडली. वडगावात खड्ड्यातल्या हातमागावर ज्यांनी आयुष्य काढलं, त्या म्हाताऱ्या विणकरांना हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्याही आधी, १७०० साली, इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यानं आपल्या व्यवसायबंधूंना सांगितलं होतं की रोग्याला बाकीचं सगळं विचारता, तसं त्याचा धंदा कोणता हेही विचारा. तीनशे वर्षांहून जुना हा सल्ला आजही कितीतरी दवाखान्यांत पाळला जात नाही. नाव, वय, कुठं दुखतंय, किती दिवस झाले, आणि चिठ्ठी हातात.

माझ्या मावशीला मात्र तो प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटला. मावशी लग्न होऊन निपाणीत आली तेव्हापासून बिड्या वळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बिडी वळणं म्हणजे बोटांची चपळाई. पण हाताला जड जातं ते त्याच्या आधीचं काम. रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं सकाळी काढायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि कात्रीनं त्या मापाचे तुकडे कापायचे. शिरा जाड असतील तर कात्री जोरानं दाबावी लागते. दिवसाला आठशे-हजार बिड्या करायच्या तर कात्री तितक्याच वेळा उघडायची आणि मिटायची, आणि दर वेळी अंगठा फाकतो आणि पुन्हा ओढला जातो. त्यानंतर जर्दा भरायचा, पान वळायचं, तोंड नखानं दाबून आत दुमडायचं, दोरा बांधायचा. यातलं प्रत्येक काम अंगठ्याशिवाय होत नाही.

मावशीच्या उजव्या मनगटाला, अंगठ्याच्या मुळाशी, बोराएवढी सूज आली. दाबलं की कळ कोपरापर्यंत जायची. भाकरी थापताना तिनं हात बदलला, मग घागर उचलताना बदलला, मग नातवाला उचलणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, “काम केल्यावर हात दुखणारच की गं. तेल लावून झोपलो की सकाळी बरं वाटतंय.” सकाळी बरं वाटायचं हे खरं होतं, कारण रात्रभर कात्री हातात नसायची.

शेजारच्या सगळ्या जणी तिच्या गाठीत पाणी झालंय म्हणत होत्या. बेळगावच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते मूळचे धारवाडकडचे, मराठी कळायचं पण बोलताना अडायचे. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि पहिला प्रश्न केला, “एन् केलस माडतीरी?” काय काम करता? वखारीत कन्नड बायकांच्या बरोबरीनं बसलेल्या मावशीला उत्तर द्यायला माझी गरज नव्हती. तिनं पान कापण्यापासून दोरा बांधण्यापर्यंत सगळं कन्नडात सांगितलं, नुसत्या हातानं करूनही दाखवलं. त्यांनी कात्रीची हालचाल पुन्हा एकदा करायला लावली. मग तिला अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवली. मावशी ओरडलीच. या चाचणीत निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतो, पण एवढी कळ येत नाही.

त्यांनी सांगितलं की ही पाण्याची पिशवी नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन स्नायूबंध एका अरुंद बोगद्यातून जातात. त्यांच्याभोवतीही तसंच बुळबुळीत अस्तर असतं. घर्षणानं ते आवरण जाड होतं, बोगदा आणखी अरुंद होतो आणि स्नायूबंध आत अडखळू लागतो. फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस सर्जननं १८९५ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव या दुखण्याला आहे. बाळंतिणींनाही ते होतं, कारण बाळाच्या काखेत हात घालून दिवसातून कितीतरी वेळा उचलताना अंगठा असाच फाकलेला असतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या मनगटात वारा शिरला म्हणून हातमोजे घालायला लावतात. मोज्यानं ऊब मिळते, पण बाळ उचलायची पद्धत तीच राहते.

हातातली प्रत्येक सूज ही बर्सा सुजल्याची नसते, हे मला तिथं कळलं. मनगटाच्या मागं येणारी टणक गाठ बहुधा गँग्लियन, म्हणजे चिकट पाण्यानं भरलेली गाठ, असते आणि ती दुखत नसेल तर तशीच ठेवली तरी चालते. सकाळी बोट मिटलेलं राहतं आणि उघडताना खटकन सुटतं, तेव्हा दोष तळव्यातल्या स्नायूबंधाच्या कडीत असतो आणि मधुमेहाच्या लोकांत हे प्रमाण जास्त दिसतं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर मनगटात नस दबलेली असण्याची शक्यता असते. दोन्ही हातांची बरीच बोटं सुजतात, सकाळचा आखडलेपणा तासभर जात नाही, तेव्हा संधिवाताची रक्ततपासणी करायला हवी. सूज कुठं आहे, कशी सुरू झाली, कोणत्या हालचालीनं उठते आणि कोणत्या वेळी कमी असते, एवढं नीट सांगितलं तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

पिशवीला खरोखर आलेली सूज आमच्या घरी भावोजींच्या कोपराला आली. ते उद्यमबागेत कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले धातूचे भाग, तपासायचं काम करतात. तपासताना डावं कोपर लोखंडी टेबलावर रोवलेलं असतं, वर्षानुवर्षं त्याच जागी. कोपराच्या टोकावर हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच, फक्त ती पिशवी असते. एके दिवशी तिथं लिंबाएवढा फुगा दिसला. दुखत नव्हता, हात पूर्ण वाकत होता. त्यांनी तो कुणाला दाखवलाही नाही. असा न दुखणारा, थंड फुगा पुष्कळदा नुसता दाब काढला की काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. कोपराखाली जाड मऊ गादी ठेवली, टेबलावर टेकणं सोडलं, वरून हलकी पट्टी बांधली की झालं. पण त्यांचं कोपर एका कास्टिंगच्या धारेला खरचटलं. बारीकसा ओरखडा. तिसऱ्या दिवशी कोपर लालबुंद, हात लावला तर तापलेलं, आणि अंगात कणकण.

तेव्हा घरात जे ठरत होतं ते आठवलं की अजून धस्स होतं. एकानं गरम विटेचा शेक सुचवला, दुसऱ्यानं सुई तापवून पाणी काढून टाकू म्हटलं, गावाकडून बिब्ब्याचा निरोप आला. सगळी मायेची माणसं. जाऊबाईंनी मात्र कुणाचं ऐकलं नाही आणि भावोजींना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी निर्जंतुक सुईनं पिशवीतलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. या पाण्यातून तीन गोष्टी कळतात: पू किंवा जंतू आहेत का, असतील तर कोणतं औषध त्यांना लागू पडेल, आणि युरिक ॲसिडचे खडे आहेत का. कारण वातरक्ताचा, म्हणजे गाउटचा, झटकाही कोपर असंच लाल करतो आणि त्या झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड कधीकधी नेहमीएवढंच दिसतं. भावोजींच्या पाण्यात आपल्या कातडीवर नेहमी असणारा स्टॅफिलोकोकस सापडला. जंतूंनी सुजलेल्या पिशव्यांत बहुतेक वेळा तोच निघतो. अँटिबायोटिक वेळेवर सुरू झालं आणि कोपर चिरावं लागलं नाही. अशी औषधं दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायची नसतात. जाऊबाई गोळ्या मोजून समोर ठेवत.

बिब्ब्याबद्दल इथं स्पष्ट सांगते. आजीच्या हातचा बिब्बा आमच्याही घरी होता आणि मला त्या पिढीचा आदर आहे. पण बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते आणि फोड येतात. सुजलेल्या पिशवीवर फोड आला म्हणजे जंतूंना आत जायची वाट आपणच करून दिली. डाग देण्याचंही तेच. जोरानं मालिश करून गाठ फोडायचा प्रयत्न तर कुणीच करू नये. पुडीतून मिळणारं, आत काय आहे हे देणारा सांगत नाही असं वातावरचं औषधही नको. त्यात कुठलं रसायन मिसळलंय हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

तिसरी सूज सगळ्यात लहान दिसली आणि सगळ्यात धोक्याची निघाली. आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका ताईंच्या करंगळीत बाभळीचा काटा गेला. काटा त्यांनी लगेच काढला, काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी करंगळी जाड काकडीएवढी सुजली आणि किंचित वाकलेली राहिली. सरळ करू गेलं की असह्य कळ. तळव्यात दोन मोठ्या पिशव्या असतात. एक अंगठ्याच्या स्नायूबंधाभोवती, दुसरी करंगळीपासून तळव्याच्या मध्यावर पसरलेली. दोन्ही मनगटापर्यंत जातात आणि पुष्कळांच्या हातात तिथं एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणून करंगळीतला पू मनगटात उतरतो आणि तिथून अंगठ्यात चढतो. शिकागोचे सर्जन ॲलन कॅनावेल यांनी हे ओळखण्याच्या ज्या चार खुणा सांगितल्या, त्याच आजही डॉक्टर बघतात: बोट सगळीकडून सारखंच सुजलेलं, किंचित वाकलेलं, तळव्याच्या बाजूनं लांबीभर दुखरं, आणि दुसऱ्यानं हळूच सरळ केलं तर कळ. अशा बोटाला उद्याची वाट बघायला वेळ नसतो. त्या ताईंना त्याच दिवशी सिव्हिलला नेलं, रात्री बोट उघडून धुतलं, शिरेतून औषध दिलं. आता त्यांची करंगळी पूर्ण मिटत नाही, पण खुरपं धरता येतं. काटा, माशाचं हाड, तार, कुत्र्या-मांजराचा दात, यांपैकी काहीही बोटात शिरलं आणि दुसऱ्या दिवशी ठसठस सुरू झाली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि गाडी काढा. ज्यांना साखर आहे त्यांनी तर संध्याकाळचीही वाट बघू नये.

आता मावशीकडे परत येते, कारण सगळ्यात अवघड उपाय तिच्या वाट्याला आला. डॉक्टरांनी लिहून दिलं, विश्रांती. मावशी मला बाहेर आल्यावर म्हणाली, “हात बांधून बसलो तर खायचं काय?” तिचं बरोबर होतं. हजार बिड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर जगणाऱ्या घरात ज्या दिवशी हात थांबतो त्या दिवशी पैसाही थांबतो, आणि आजारपणाची पगारी रजा ही त्या घरांना ठाऊक नसलेली गोष्ट. मला तिथं राग आला तो मावशीचा नव्हता आणि त्या चांगल्या डॉक्टरांचाही नव्हता. ज्या कामानं हात जातो त्या कामाच्या हिशेबात हात बरा व्हायला लागणारे दिवस कुणी धरलेलेच नाहीत, याचा आला.

मी पुन्हा आत गेले आणि विचारलं, सगळं काम बंद करता येणार नाही, तर नेमकं काय बंद करू? त्यांनी जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. विश्रांती सगळ्या हाताला लागत नाही. जी हालचाल स्नायूबंधाला चिडवते ती एक हालचाल हातावरून उतरवा. मावशीच्या बाबतीत ती होती कात्री. वळणं आणि दोरा बांधणं थोडं दुखेल, पण कात्री काही आठवडे तिच्या हातात येता कामा नये.

मग घरात कामाची फेरमांडणी झाली. पानं कापायचं सुनेनं घेतलं. मावशी दिवसाला नेहमीच्या निम्म्याच बिड्या वळू लागली, तीही मध्ये मध्ये उठून. तिच्या मनगटाला अंगठ्यासकट धरणारा पट्टा बांधला. हे महत्त्वाचं आहे. मेडिकलमध्ये मनगटाचा पट्टा मागितला की बहुधा नुसतं मनगट आवळणारा मिळतो आणि अंगठा मोकळाच राहतो, मग उपयोग होत नाही. संध्याकाळी फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट कातडीवर नाही. गरम पाण्याचा शेक सकाळी आखडलेपणा घालवायला चालतो, लाल तापलेल्या सुजेवर कधीच नाही. दुखण्याची गोळी तिला जेवणानंतर आणि थोडेच दिवस दिली, कारण तिला रक्तदाब आहे. या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जातात आणि रक्तदाबही वाढवतात, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने घ्यायच्या नसतात.

दुखणं उतरलं, पण पूर्ण गेलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी त्या आवरणात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. नाव ऐकूनच घरात धास्ती होती. नेमक्या जागी, जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून दिलं तर या दुखण्यात बऱ्याच जणांना एका इंजेक्शननं आराम पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते, त्यामुळे आधी सांगून ठेवावं लागतं, आणि सुईच्या जागी कातडी थोडी पांढरी पडू शकते. त्यानंही भागलं नाही तर तो बोगदा छोट्या शस्त्रक्रियेनं मोकळा करतात, जागेवर भूल देऊन. मावशीवर ती वेळ आली नाही. कळ गेल्यावर तिला अंगठ्याचे हलके व्यायाम शिकवले. ते ती नातवाबरोबर अंगणात बसून करते आणि तोही करतो.

औषधाच्या खर्चाबद्दल एक सांगायचं राहिलं. बिडी कामगारांचं ओळखपत्र पुष्कळ घरांत मुलांच्या शिष्यवृत्तीपुरतं बाहेर निघतं. पण त्याच कार्डावर कामगार कल्याणच्या दवाखान्यात उपचार मिळतात. १९७६ च्या कायद्यानं बिडी कामगारांसाठी कल्याणनिधी उभा राहिला, तो याच बायकांसाठी. कार्ड नसेल तर करून घ्यावं, आणि तिथं गेल्यावर नुसतं हात दुखतोय म्हणू नये. मी बिडी वळते, दिवसाला इतकी पानं कापते, अंगठ्याच्या इथं दुखतं, अशा सुरुवातीनं बोलावं.

सध्या माझी काळजी मावशीची नाही. पानं कापायचं सगळं काम सुनेकडे गेलंय, आणि परवा ती भांडी घासताना मनगट चोळताना दिसली. तिची सूज अजून आलेली नाही. मी मोठ्या कड्यांची, कमी जोरात चालणारी धारदार कात्री आणून दिली, कड्यांना जाड सुती पट्टी गुंडाळली आणि पानं आणखी नीट भिजू द्यायला सांगितली, म्हणजे शिरा मऊ पडतील. कापायचं काम आता तिचा नवराही सकाळी कामावर जायच्या आधी तासभर करतो. पहिल्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी त्याला बघून दात काढले. तो तरीही बसला.